कोंडाईबारीतली दिवाळी

"चढ, चढ! डावा पाय त्या पायरीवर ठेव, हात वरच्या दांड्याला... अगं, साडी सावर ना, प्रमिला!"

सुरतेबाहेर, चलथाणच्या पुढे, महामार्गाच्या कडेला ट्रक उभा करून भटू खालून ओरडत होता आणि वर केबिनच्या दारात त्याची बायको अर्धी आत, अर्धी बाहेर लटकली होती. लेक गायत्री खालून आईला ढकलत होती, पण हसून हसून तिच्या हातातला जोर पार गेला होता.

"हासू नको वं पोरी, पडसू मी!" प्रमिला ओरडली, आणि पुढच्या क्षणी धप्पकन आत सीटवर जाऊन पडली. तिच्या मागोमाग फराळाचे डबे, पूजेची पिशवी, दोन गोधड्या आणि शेवटी स्वतः गायत्री. भटूने वळसा घालून स्टिअरिंग गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याची केबिन भरली होती. गाडी सुरू करताना त्याला आपलं आपल्यालाच हसू आलं.

दिवस लक्ष्मीपूजनाचा. सुरतेत ट्रक चालवायला लागल्यापासून भटूची एक दिवाळी धड घरी गेली नव्हती. सणाला बाकीचे ड्रायव्हर गावी पळायचे आणि नाही म्हणता न येणारा भटू मालकाच्या तावडीत सापडायचा. यंदाही तेच झालं. धुळ्यात कुणी साड्यांचं नवं दुकान काढलं होतं, पाडव्याचा मुहूर्त धरला होता, आणि माल अजून सुरतेतच पडून होता. पांडेसऱ्यातल्या आपल्या खोलीत मान खाली घालून भटूने ही बातमी सांगितली तेव्हा प्रमिला नेहमीसारखी मान डोलावून कामाला लागली. गायत्री मात्र म्हणाली, "मग आम्ही येतो. दिवाळी इथंच करायची असं कुठं लिहिलंय?"

"ट्रकमधून?"

"ट्रकमधूनच. मला बघायचंच आहे, ड्रायव्हर नेमका करतो काय."

बघायचं कारण होतं योगराज. सुरतेतल्याच उधन्याचे पांडुरंगभाऊ, मूळचे खान्देशातलेच, आपल्या मुलासाठी गायत्रीला मागणी घालून गेले होते. योगराजचा स्वतःचा ट्रेलर होता. निर्व्यसनी, मोठ्यांसमोर मान खाली, बोलणं गोड. भटूने त्याला एकदा गोदामाच्या अरुंद फाटकातून ट्रेलर उलटा आत घेताना पाहिलं होतं आणि त्याच वेळी मनातल्या मनात जावई करून टाकला होता. पण गायत्री ना हो म्हणे, ना नाही. ती साड्यांच्या एका दुकानात ऑनलाइन ऑर्डरी सांभाळायची, आपल्या डोक्याने चालायची. पांडुरंगभाऊंना पाडव्यापर्यंत उत्तर हवं होतं.

शेठ धर्मेंद्रभाईला विचारायला भटू घाबरतच गेला होता. बायामाणसं गाडीत नेऊ का? शेठने हसून परवानगी दिली. "लई जा ने, भटूभाई! लक्ष्मी तो घरनी ज छे ने!"

बारडोली मागे पडली, व्यारा मागे पडलं. दोन्ही बाजूंना उसाचे मळे, आणि एवढ्या उंचावरून दिसणारा रस्ता. गायत्री तर वेडीच झाली. "पप्पा, गाड्या किती छोट्या दिसतात वरून! मम्मी, बघ बघ, त्या रिक्षात किती माणसं!" भटूने तिला हॉर्न वाजवू दिला. त्या भोंग्याला शेतातल्या बाया वळून बघू लागल्या, तशी प्रमिलेने पदराने तोंड झाकलं, पण डोळे हसत होते. हा पूल, तो फाटा, इथं चहा चांगला, तिथं गाडी पंक्चर झाली होती, अशी भटूची जीभ सुटली होती. घरी चार शब्द बोलायला जड जाणारा माणूस आज थांबायला तयार नव्हता.

सोनगढला तो नेहमीच्या टपरीपाशी थांबला. टपरीवाल्या सरलाबाईने गाडी ओळखली, कपाला हात घातला, आणि केबिनमधून उतरणारी मुलगी पाहून तसाच खाली ठेवला.

"गायत्री ना तू?"

गायत्री गोंधळली. "तुम्ही मला ओळखता?"

"ओळखते म्हणजे? तुला कांजिण्या झाल्या तेव्हा तुझा बाप इथंच, या बाकावर, नुसता बसून होता. घास गेला नाही घशाखाली. आणि बारावीला ब्याऐंशी टक्के पडले तेव्हा पेढे वाटले होते इथं, येईल त्या ड्रायव्हरला. माझ्या हातावर तर दोन ठेवले!"

गायत्रीने वळून बापाकडे पाहिलं. भटू टायरला लाथ मारून हवा बघत होता. हवा अगदी बरोबर होती.

"पप्पा, निकालाच्या दिवशी तुम्ही फोनवर फक्त 'बरं झालं' म्हणालात."

"मग? बरंच झालं होतं ना," भटू म्हणाला आणि चहा आणायला गेला.

नवापूर गेलं, विसरवाडी गेली, आणि कोंडाईबारी घाटाच्या चढाला गाडी लागते न लागते तोच पुढे लाल दिव्यांची रांग दिसली. वर वळणावर कंटेनर आडवा झाला होता. माणसाला इजा नव्हती, पण रस्ता बंद. क्रेन कधी येईल कुणालाच ठाऊक नव्हतं. रांगेत मागे गाड्या लागत गेल्या आणि बघता बघता पुढंमागं नुसते ट्रकच ट्रक.

प्रमिलेचा चेहरा उतरला. "पूजा साक्रीना मंदिरमा करसूत म्हणे व्हतात ना तुम्ही?"

भटूलाही वाईट वाटलं. पण भूक लागली होती आणि त्यावरचा इलाज त्याला येत होता. त्याने सीटखालचा स्टोव्ह काढला, रस्त्याच्या कडेला चाकाच्या आडोशाला मांडला, पिशवीतली हिरवी वांगी काटक्यांवर भाजायला टाकली आणि परातीत पीठ घेतलं. मायलेकी बघतच राहिल्या. गोल, पातळ, पोटात वाफ धरून फुगणारी भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा प्रमिलेला राहवेना.

"आते काय सांगू तुम्हले! इतलं जमस आनि घर कधी चहा नही टाका?"

"घरी कधी वेळ मिळाला?" भटू ओशाळून म्हणाला. "घरी आलो की झोपतो."

हसता हसता प्रमिलेच्या डोळ्यांत पाणी आलं. काटक्यांचा धूर फार होता. भरताच्या वासाने मागच्या गाडीतला सरदारजी आला, पुढच्या गाडीतला बिहारचा एक पोरसवदा ड्रायव्हर आला. गायत्रीने तिथल्या तिथे पंगत मांडली. मग तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, पूजेच्या पिशवीतून रांगोळी काढून ती ट्रकसमोर डांबरावर बसली. मोठं कमळ, कडेने पणत्या, आणि मधोमध आठ चाकांची छोटीशी गाडी.

"आठ नाही, दहा चाकं आहेत," तिच्यामागे उभा राहून भटू म्हणाला.

"मग तुम्ही काढा उरलेली!"

आणि खरोखरच भटू गुडघे टेकून बसला, चिमटीत रांगोळी धरली आणि लेकीच्या शेजारी दोन वेडीवाकडी चाकं काढली.

दिवेलागणीला प्रमिलेने ट्रकच्या पुढच्या बंपरवरच लक्ष्मीचा फोटो ठेवला. रांगेतले ड्रायव्हर हात धुऊन गोळा झाले. ज्याच्या त्याच्या भाषेत ज्याने त्याने हात जोडले. शंकरपाळे, चिवडा, करंज्या हातोहात फिरल्या; सरदारजीने फटाक्यांची माळ कुठून पैदा केली देवाला ठाऊक. सगळा घाट दणाणला. गायत्री टाळ्या पिटत होती आणि भटू तिच्याकडे बघत होता. एवढा आनंद आपल्या गाडीपाशी उतरेल असं त्याला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. आता पोरगी हो म्हणणार, त्याच्या मनाने घेतलं. बघितलं ना तिने, रस्त्यावरही दिवाळी होते.

मग फोन सुरू झाले. जो तो ट्रकच्या आडोशाला जाऊन घरच्यांना दाखवत होता. बिहारी पोराने गायत्रीला विनवलं, "दीदी, जरा पकड़िए ना." तिने त्याचा फोन धरला. पडद्यावर त्याची लहान मुलगी होती. बापाने तिला रांगोळी दाखवली, दिवे दाखवले, करंजी दाखवली. मुलगी सारखं एकच विचारत होती, "पापा, कब आओगे?" आणि पोरगेला बाप हसत छठपूजेच्या सणाचा वायदा करत होता, "बस, छठ तक." गायत्रीने फोन परत दिला. त्यानंतर ती बराच वेळ फोन धरूनच फिरत होती. कधी याचा, कधी त्याचा.

रात्री उशिरा रस्ता मोकळा झाला आणि सकाळी दुकान उघडायच्या आत माल धुळ्यात पोचला. दुकानमालकाने भटूला मिठीच मारली. गठ्ठे उतरत होते, दारावर झेंडूच्या माळा चढत होत्या. भटू खुशीत होता. गायत्री त्याच्याजवळ आली.

"पप्पा, पांडुरंगकाकांना नाही म्हणून सांगा."

भटूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काल तर एवढी खूश होतीस."

"होते ना. एवढी भारी दिवाळी माझी कधीच झाली नाही. म्हणूनच सांगते." ती थेट त्याच्याकडे बघत होती. "सरलामावशीला माझे मार्क पाठ आहेत, पप्पा. आणि मला वाटायचं, मी कितवीत आहे ते तुम्हांला ठाऊकही नसेल. तुम्ही इथं रस्त्यावर किती छान आहात! पण मला तुम्ही तिथं हवे होतात, पांडेसऱ्यात. माझ्या पोरांचा फोन मला नाही धरायचा."

भटूने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. "तू सांग तिला. चांगलं स्थळ आहे. तुला काय वाटतं?"

प्रमिला डबे बांधत होती. तिचे हात थांबले. "माले कधी कोणी इचारं व्हतं का?" ती हळूच म्हणाली. त्यात राग नव्हता. नुसतंच म्हणाली, आणि पुन्हा गाठ मारू लागली.

 भटू हमालांना वाट देण्यासाठी बाजूला झाला. मग त्याने फोन काढला, केसांवरून हात फिरवला आणि दोघींच्या देखतच नंबर लावला.

"राम राम, पांडुरंगभाऊ. पाडव्याचा राम राम... हो, धुळ्यात आहे... भाऊ, पोरगी नको म्हणते."

पलीकडून आवाज चढला, तो या दोघींनाही ऐकू आला. "काय कमी शे आमना पोरमा?"

"कमी काहीच नाही, भाऊ. सोन्यासारखं पोरगं आहे."

"मंग?"

भटूने दोघींकडे पाहिलं. "माझ्यासारखंच आहे," तो म्हणाला. "घरी नसणारा माणूस माझ्याच लेकीला मी दुसऱ्यांदा कसा देऊ?"

पलीकडचा आवाज उतरला. मग पांडुरंगभाऊ एवढंच म्हणाले, "गाडी सावकाश चालवा." त्यांची स्वतःचीही हयात रस्त्यावरच गेली होती.

भटूने फोन खिशात टाकला. गायत्रीने बापाच्या दंडाला धरलं आणि कपाळ तिथंच टेकवलं. प्रमिला मात्र पिशवी उघडून काहीतरी शोधत होती. तिने ताट काढलं, कुंकवाची डबी काढली, निरांजनात तेल ओतलं.

"हुभा ऱ्हा असा," ती म्हणाली. "आज पाडवा शे."

लग्नानंतरचे पहिले एक-दोन पाडवे सोडले तर तिने नवऱ्याला त्या दिवशी कधी ओवाळलं नव्हतं. भटूने डोक्यावर रुमाल टाकला आणि ट्रकच्या सावलीत ताठ उभा राहिला, शाळेतलं पोर उभं राहतं तसा. प्रमिलेने कुंकू लावलं, ताट हातात घेतलं. शेजारच्या रस्त्यावरून गाड्या धडधडत जात होत्या आणि प्रत्येक गाडीसरशी ज्योत आडवी होत होती. गायत्री पुढं सरकली आणि तिने दोन्ही हातांचा आडोसा धरला.

प्रमिला ओवाळत राहिली. किती वेळा ओवाळायचं असतं ते ती विसरली होती, आणि भटूने तिला थांबवलं नाही.