आग नसताना वाजलेली रिंग

मी एक जुनी, ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या उत्तर भागात, न्यिकाच्या डोंगराखाली, चर्चच्या आवारातल्या आंब्याला लोंबकळत माझी वीस वर्षं गेली. त्याआधी मी तंबाखूचे गठ्ठे वाहणाऱ्या ट्रकखाली फिरत होते. ट्रक घाटात मोडला आणि मला गावकऱ्यांनी उचलून आणलं.

मित्रांनो, सरकारी शाळेत एका वर्गात एकशेचाळीस मुलांना शिकवून तोवेराबाईंचा घसा कायमचा बसला होता. त्यांनी नोकरी सोडली आणि चर्चच्या ओसरीवर अकरा मुलं घेऊन शाळा काढली. आधी प्रार्थना, मग मक्याची पेज, मग पाढे. लोक म्हणायचे, "अकरा मुलांची कसली शाळा!" सहाव्या वर्षी दोनशे मुलं होती.

माझे ठोके गावाला पाठ होते. सावकाश तीन म्हणजे प्रार्थना. दोन-दोन म्हणजे शाळा भरली किंवा सुटली. आणि न थांबता बडवलं की आग! मग ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन त्यानं धावायचं. आग नसताना कुणी तसं बडवलं, तर मुखियांकडे एक कोंबडी दंड.

त्या वर्षी तपासणीचे साहेब आले. वह्या पाहून खूश झाले, पण मागच्या अंगणात जाऊन आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"बाई, नव्वद मुली आणि मुलामुलींना मिळून एकच संडास. मी शाळा बंद करायचं लिहिणार."

"साहेब, पावसाआधी खणतोच."

"हे गेल्या वर्षीही म्हणाला होतात."

खरंच म्हणाल्या होत्या. पण संडासासाठीच्या विटा सहावीच्या वर्गाला लागल्या. चूक बाईंचीच होती, हे मी आजही सांगेन.

बाई ओसरीवर बसल्या आणि वेझीला म्हणाल्या, "सुट्टीचे ठोके दे. पोरांना घरी जाऊ दे."

वेझी नवी शिक्षिका, महिन्यापूर्वी मझुझू शहरातून आलेली. ठोक्यांचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती रडत होती आणि रडता रडता मला बडवत होती. किती तरी वेळ थांबलीच नाही.

गाव धावलं. कुदळी, फावडी, बादल्या. मुखिया चिर्वा अर्धी दाढी करून आले. म्हातारी न्याउहांगो कमरेचं कापड एका हातात धरून पळत आली.

"आग कुठाय?"

"आग नाही," वेझी पुटपुटली. "शाळा बंद होतेय."

"आग नाही? अगं पोरी, अर्ध्या रस्त्यात माझं कापड सुटलं! सगळ्या गावानं पाहिलं!"

सगळे हसले. वेझीला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात म्हातारीनं विचारलं, "बंद का?" बाईंनी सांगितलं, काहीही न लपवता. म्हातारी म्हणाली, "माझी नात दुपारी पोट दाबत घरी पळत येते, ती यापायी होय?"

चिर्वांनी साबण पुसला. "कोंबडीचं मग बघू. कुदळी आणल्याच आहेत, तर खणा."

संध्याकाळपर्यंत पुरुषभर खोल खड्डा झाला. स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी भाजलेल्या विटा चिर्वांनी दिल्या. तोवर गावातच थांबलेले साहेब खड्ड्याच्या काठावर उभे राहिले, आत डोकावले आणि महिन्याची मुदत लिहून गेले. भिंती बाराव्या दिवशीच उभ्या राहिल्या. वेझीनं दंडाची कोंबडी भरली. ती खणणाऱ्यांनी एन्सिमाबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, खाल्ली.

आज शाळेत सहाशे मुलं आहेत, वेझी मुख्याध्यापिका आहे आणि विजेची घंटा आली आहे. मी स्वयंपाकघरामागे सरपणात पडून गंजते आहे. एक कोंबडी माझ्यात अंडी घालते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, विजेची घंटा मुलांना वर्गात बोलावते, पण गावाला बोलवायचं तिला जमत नाही. मला पुन्हा आंब्याला टांगा. आणि उद्या आग नसताना मी वाजले, तरी कुदळी घेऊन या. कोंबडीचं मग बघू.