चाराचं तोंड

तलवारीवरची फारसी अक्षरं वाचावीत तर नगरच्या बाबाजान शिकलगारानंच. तीनशे वर्षांपूर्वीचं नाव असं वाचायचा, जणू माणूस दारात उभा आहे! त्याच्या हत्यारं घासायच्या-कोरायच्या दुकानात शेवगावचा सहादेव आला तो घुश्शातच.

"चाचा, ही बघा. भावकी म्हनती, तलवार खोटी! फारशी सनात मराठी तीन कुठनं आला? यंदा खंडेनवमीला पूजेत ठिवू देनार न्हाईत म्हनं."

"भावकीला काय, निमित्तच लागतं," म्हणत बाबाजाननं चष्मा चढवला. पातं अस्सल होतं, नाव अस्सल होतं. हिजरी सन अकराशे चार असावा. पण शेवटच्या आकड्यावर त्याचं बोट थांबलं.

फारसी चार म्हणजे मराठी तीनच, फक्त तोंड उलट्या बाजूला. इथं ते उलटं नव्हतंच. झाला की तीन!

"हे नव्यानं कोरलंय. कुणी?"

"तुमच्याच हितं की! आई दरसाल चिंच-राखेनं घासायची, आकडा पार गेल्ता. तुमी राहात्याला लग्नाला गेल्ता, तवा इम्राननं दिला कोरून."

इम्रान! बाबाजानचं मराठी शाळेत शिकलेलं पोरगं. हात गोड, पण चार काढायला बसलं की हमखास तीन. बाप रोज ओरडायचा, "गाढवा, तोंड फिरव त्याचं!" पोरगं नुसतं हसायचं. गेल्या वर्षी केडगावजवळ टेम्पोनं उडवलं आणि सगळंच संपलं. त्याच्या हातचं काम गिऱ्हाइकांबरोबर गावोगाव गेलेलं. घरात काही म्हणता काही उरलं नव्हतं.

बाबाजान आकड्यावरून अंगठा फिरवत राहिला. डोळ्यांतलं पाणी पात्यावर पडलं, तसं सहादेवाच्या ध्यानात आलं.

"ऱ्हाऊ द्या, चाचा. भावकी गेली उडत. आमी घरातच पुजू."

"नको रे. तुझ्या आईनं एवढी वर्षं घासली ती घरात कोंडायला? आण ती कानस."

त्यानं आकडा घासून काढला. बारीक भुगा धोतराच्या सोग्यात पुसून घेतला, झटकला नाही. मग छिन्नी टेकवली.

कबरीत उतरून त्यानं स्वतःच इम्रानचं तोंड पश्चिमेला, मक्केकडे फिरवलं होतं. तेव्हा पोरगं हसलं नव्हतं.

"फिरवतो, बेटा," बाबाजान म्हणाला, आणि हातोडी मारली.