सोड्यात धुतलेली जाळी

मित्रांनो, काबूलच्या टेकडीवर एक मातीचं घर आहे. त्या घरातली मी एक जुनी मच्छरदाणी. एका उन्हाळ्यात माझ्या हातून घात झाला, तो तुम्हाला सांगायचा आहे.

मला शिवलं कुणी ते आठवत नाही. अंगात जीव आला तो दवाखान्याच्या बादलीत. शफीका नर्सनं मला औषधाच्या पाण्यात बुचकळलं, सावलीत वाळवलं आणि माहगुलच्या हाती देताना बजावलं, "बाई, वाळूमाशी इतकी बारीक, की हिच्या भोकांतून आरामात आत येते. तिला मारतं ते औषध. सोडा, कढत पाणी, ऊन, काही लागू देऊ नका."

माहगुलनं ते मनावर घेतलं. तिच्या थोरल्या लेकीच्या, लैलुमाच्या गालावर मोठा व्रण होता. वाळूमाशी चावली की महिन्या-दोन महिन्यांनी तिथे फोड येतो आणि वर्षभर हटत नाही, म्हणून आमच्याकडे त्याला सालदाना म्हणतात. शाळेतल्या मुली लैलुमाशेजारी बसत नसत. "माझं झालं ते झालं," ती म्हणे, "नीलाबला नको." नीलाब पाच वर्षांची. दोघी बहिणी गच्चीवर माझ्या आत झोपत आणि सकाळी चादरीवरच्या मेलेल्या माशा झटकत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

ईदच्या दोन दिवस आधी माहगुल तंदूरवर नान भाजायला गेली होती. तिची बहीण कुदसिया घरी आली. मला बघून तिनं नाक मुरडलं.

"ही जाळी आहे की चुलीपुढचं फडकं? पाहुणे काय म्हणतील?"

तिनं मायेनंच मला सोड्याच्या कढत पाण्यात घातलं, खसाखसा चोळलं आणि भर उन्हात टाकलं. मी पांढरीशुभ्र झाले. औषध मोरीतून वाहून गेलं, आणि मला तोंड नव्हतं.

दिवस मावळला. खेळून दमलेली नीलाब माझ्या आत आडवी झाली. भिंतीच्या भेगेतून वाळूमाशी निघाली. तिळाहून लहान, पंख उभारलेले, गुणगुण नाही. टुणटुण उड्या मारत येऊन माझ्यावर बसली. मी वाट पाहिली, आता पडेल, आता पडेल. ती पडली नाही. चालत आत गेली. तिच्यामागून दुसरी.

लैलुमा उशी घेऊन वर आली आणि थबकली. "आई, जाळीवर माशी चालतेय. मरत का नाही?"

माहगुल धावत आली. "कुणी धुतली ही?"

"मी," कुदसिया म्हणाली. "का गं? मळली होती म्हणून धुतली."

लैलुमा ऐकायला थांबलीच नाही. तिनं नीलाबला चादरीसकट उचललं आणि खाली नेलं.

पण एक चावून गेली होती. दोन महिन्यांनी नीलाबच्या नाकाशेजारी तांबडी पुळी उठली. शेजारणी राख लावा, लेप लावा म्हणत होत्या. माहगुलनं कुणाचं ऐकलं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठला. मग दर आठवड्याला फोडाच्या कडेनं सुया. त्या फार दुखतात. नीलाबला मांडीवर धरून बसायची ती तिची खाला, म्हणजे मावशी, कुदसियाच.

"रडू नको राणी. हवं तर खालाच्या हाताला चाव."

नीलाब खरंच चावली. कुदसियानं हात मागे घेतला नाही.

फोड बरा झाला. मसुरीएवढा डाग राहिला. मला पुन्हा औषध मिळालं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला गार पाण्यात हलकेच बुचकळा, सावलीत वाळवा, वेळच्या वेळी औषध द्या. ती विटकी दिसली तर दिसू द्या. आणि तिला धुण्याआधी घरातल्या बाईला एकदा विचारा.