आठव्या इनिंगमधली दुसरी फेरी

पत्र रविवारपर्यंत तयार हवं होतं, आणि ते लिहायचं काम बागेत बेसबॉलवर वाद घालणाऱ्या कट्ट्याने सोराइदावर सोपवलं होतं.

"तुझी भाषा चांगली," ती काम करायची त्या वाचनालयात शुक्रवारी येऊन कट्ट्यावरचा निवाल्दो म्हणाला होता. "आम्ही लिहिलं तर नुसत्या शिव्या होतील. तू लिही, आणि खाली पहिली सही तुझी. मास्तरांच्या मुलीची सही बघितल्यावर क्रीडा खात्यातल्या त्या मंडळींना कागद टोपलीत टाकायला जड जाईल."

मास्तर म्हणजे तिचे वडील, एवेलियो क्रेस्पो. अकरा वर्षं ते पुएर्तो आल्कालाच्या बेसबॉल संघाचे मॅनेजर होते. त्याआधी शाळेत खेळाचे शिक्षक, म्हणून अख्खं गाव त्यांना मास्तरच म्हणायचं. जुलैत ते गेले. आता त्यांच्या जागी त्यांचाच जुना सहायक रिगो तामायो होता, आणि पत्र त्याला काढून टाका म्हणून जायचं होतं.

या हंगामात पस्तीस सामन्यांत अकरा जिंकलेले. एवढं कारण कुठल्याही मॅनेजरला घरी बसवायला पुरलं असतं. पण कट्ट्याचा राग त्यावर नव्हता. राग मार्चमधल्या आठव्या इनिंगवर होता.

ती इनिंग गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. उपांत्यपूर्व फेरीचा शेवटचा सामना, आपण तीन-दोनने पुढे, आणि योएल्विस नावाचा एकवीस वर्षांचा पिचर असा चेंडू टाकत होता की समोरचे फलंदाज नुसती हवा कापत होते. मास्तर एकदा उठून त्याच्यापाशी गेले, दोन शब्द बोलले, परत आले. इथवर ठीक. दोन फलंदाज झाले आणि ते पुन्हा उठले, पुन्हा गेले. एका इनिंगमध्ये मॅनेजरला एका पिचरकडे एकदाच जाता येतं. दुसऱ्यांदा गेला की पिचरला बाहेर काढावंच लागतं. अंपायरने हात वर केला. योएल्विस मान खाली घालून बाहेर गेला, त्याच्या जागी हातसुद्धा गरम न केलेला कुणीतरी आला, आणि सामना सात-तीनने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तामायोने रेडिओवर सांगितलं, "फेऱ्या मोजणं माझं काम होतं. तुम्ही अजून गेला नाहीत असं मीच मास्तरांना म्हणालो. चूक माझी." मास्तर काहीच बोलले नाहीत. तेव्हापासून तामायो बाजारात पाव घ्यायला उभा राहिला तरी मागून कुणीतरी बोटं मोजून दाखवायचं. एक, दोन.

सोराइदाने शनिवारी सकाळी कोरा कागद पुढ्यात घेतला आणि दुपारपर्यंत तो कोराच राहिला. मग ती उठून स्टेडियमवर गेली.

तामायो पायऱ्यांखालच्या सावलीत उसवलेल्या चेंडूंना टाके घालत बसला होता. नवे चेंडू नोव्हेंबरपासून आलेच नव्हते. तिला बघून त्याने सुई शर्टाला खोचली आणि थर्मासच्या झाकणात तिला कॉफी ओतली. कॉफीत निम्मे भाजलेले हरभरे होते, पण गरम होती.

"पत्र तू लिहितेयस म्हणे," तो म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"निवाल्दोच्या पोटात काही राहतं होय? लिही. नीट लिही, माझं आडनाव तरी बरोबर पडू दे."

"रिगो, तू बाबांना तसं काही सांगितलंच नव्हतंस."

त्याने पुन्हा सुई काढली. दोन टाके घातले.

"ते विसरले होते," ती म्हणाली. "आधी जाऊन आलोय हेच विसरले होते. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी फोटो दाखवला. डोक्यात लिंबाएवढी गाठ होती."

"आणि आम्हाला हृदयाचं दुखणं सांगितलंस."

"त्यांनी सांगायला लावलं."

इस्पितळातून परतताना, बसमध्ये, खिडकीबाहेर बघत ते म्हणाले होते. लोकांना हृदय सांग. डोकं म्हटलंस की माझा एकेक सामना उकरून काढतील. तिने हो म्हटलं होतं. त्यांनी तिच्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलेलं नव्हतं.

"मला गाठीचं माहीत नव्हतं," तामायो म्हणाला. "पण काहीतरी आहे हे दिसत होतं. फेब्रुवारीत एकाच सकाळी त्यांनी मला तीनदा विचारलं, बस किती वाजता आहे. तिन्ही वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांच्याकडे बघितलं नाही." त्याने टाका ओढून घट्ट केला. "त्या दिवशी ते दुसऱ्यांदा उठले तेव्हाच माझ्या लक्षात आलं. हाताच्या अंतरावर होते. बाही धरली असती तरी थांबले असते."

"मग?"

"मग काय. चार हजार माणसं बघतायत, आणि मी मास्तरांची बाही धरू? ज्यांनी मला चेंडू कसा धरायचा ते शिकवलं? मला वाटलं, मैदानाच्या रेषेपाशी पोचेपर्यंत त्यांना आठवेल. नाही आठवलं." त्याने दाताने दोरा तोडला. "तेव्हा चूक माझीच आहे. रेडिओवर जे सांगितलं ते खोटं होतं, पण चूक खरीच. तू गप्प राहा. मी दमलोय, सोराइदा. काढलं तर निवांत झोपेन तरी."

"तुझं नाव जातंय."

"त्यांचं राहू दे."

ती घरी आली. वीज गेलेली होती. बाबांची डुलती खुर्ची अंगणाच्या दाराकडे तोंड करून होती. शेजारच्या जस्टाबाईंनी ती सतराशे वेळा मागितली होती आणि दर वेळी सोराइदा पुढच्या आठवड्यात म्हणायची. आजही ती त्या खुर्चीत बसली नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिने विचार केला. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द, आणि जिवंत माणसाच्या मागे मोजली जाणारी बोटं. पुस्तकांत अशा वेळी माणसांना काहीतरी उमगतं. तिला फक्त थकल्यासारखं झालं.

रविवारी दहा वाजता कट्टा भरलेला होता. भरलेला म्हणजे तीनच जण. एके काळी बागेतल्या या लॉरेलच्या झाडाखाली तीस-चाळीस माणसं हातवारे करत उभी असायची आणि नवख्याला वाटायचं, आता मारामारी होणार. काही देश सोडून गेले, काही नुसतेच गेले. उरले ते निवाल्दो, गोदीतून निवृत्त झालेला आणि अजूनही जहाजावरच्याला हाक मारावी तसा बोलणारा, न्हावी फर्मीनकाका, आणि आर्खेलियो, शाळेत गणित शिकवणारा, ज्याच्या वहीत सतरा वर्षांचे सगळे सामने होते.

"दुसऱ्या बेसवरच्या त्या गड्याचं पोट बघितलंस का?" निवाल्दो म्हणत होता. "चेंडू दोन पायांमधून जातो आणि याला दिसतच नाही. दिसणार कसा? मध्ये डोंगर."

"मग कोणाला ठेवतोस तिथे?" फर्मीनकाका म्हणाले. "चांगला होता तो मायामीत लाद्या बसवतो."

"लाद्या तरी सरळ बसवत असेल."

"उरलेल्या चाळीसपैकी सव्वीस जिंकले तर बाद फेरीत जातो," आर्खेलियो वहीतून मान वर न करता म्हणाला.

"सव्वीस! लेका, हे सव्वीस दिवस सलग अंघोळ करणार नाहीत. ये पोरी, बस. आणलंस?"

सोराइदाने पिशवीतून कागद काढला आणि निवाल्दोच्या हातात दिला. त्याने उलटसुलट करून बघितला.

"कोरा आहे."

"हो," ती म्हणाली. "आठव्या इनिंगबद्दल लिहायचं तर खरं लिहायला हवं. आणि ते तुम्हाला माहीत नाही."

मग तिने सांगितलं. गाठ, एप्रिल, हृदयाचं खोटं, रेडिओवरचं खोटं. वाचनालयात रजिस्टर वाचून दाखवावं तशा आवाजात सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते तिला जमलं नसतं. बाहीचंही सांगितलं. तामायोची परवानगी नव्हती, पण ते गाळलं असतं तर तेही एक खोटंच झालं असतं.

बागेपलीकडे एक घोडागाडी गेली.

"त्या दिवशी स्टेडियमच्या दारात मी मास्तरांना काय बोललो, तुला माहितीये?" निवाल्दोने विचारलं. पहिल्यांदाच तो हळू बोलत होता.

"माहितीये. मी बाजूलाच होते."

"त्यांनी मनाला लावून घेतलं?"

"दुसऱ्या दिवशी त्यांना आठवत नव्हतं, निवाल्दोकाका."

निवाल्दोने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

आर्खेलियोने वही उघडली होती. ती त्या वहीकडे बघत राहिली. बाबा बसमध्ये ज्याला घाबरले होते ते आता होणार, आणि तिनेच ते दार उघडलं होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं. विचारणं क्रूर नव्हतं. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "म्हणजे जानेवारीत लागोपाठ नऊ जिंकले, ते?"

"नक्की सांगता येत नाही."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी, दोन बाद असताना चेंडू नुसता हळूच ढकलायचा, बंट करायला लावला होता. सगळा गाव वेड्यात काढत होता आणि आपण जिंकलो. ते मास्तर होते का गाठ?"

"ते बाबाच होते," सोराइदा म्हणाली. "आदल्या रात्री जेवताना त्यांनी मला मीठदाणी आणि चमचे मांडून दाखवलं होतं. ते तेच होते."

"मग वहीतली रेघ मी कुठे मारू?"

"रेघ कसली मारतोस?" फर्मीनकाका म्हणाले. "चाळीस वर्षं मी माणसांच्या डोक्यांना हात लावतोय, आत काय चाललंय ते मला कधी कळलं नाही. सगळे सामने त्यांचेच. हरलेलेही."

आर्खेलियोने पेन हातातच ठेवलं, पण लिहिलं नाही.

"ते सगळं ठीक आहे," निवाल्दो म्हणाला, आणि त्याचा आवाज थोडा चढला. "पण तो तामायो. दिसत होतं ना त्याला? मग बाही धरायची. पकडून खाली बसवायचं. मी बसवलं असतं."

"तू?" फर्मीनकाका म्हणाले. "तू मास्तरांसमोर कधी सिगरेट ओढली नाहीस. साठ वर्षांचा घोडा झालास तरी पाठीमागे लपवायचास."

"सिगरेटचा काय संबंध?"

"तोच संबंध."

"अंपायरने हात वर केला तेव्हा पिचर एकवीस वर्षांचा होता, काका. त्या पोराने काय केलं होतं? मास्तरांचा मान राहिला आणि त्या पोराचा हंगाम गेला. त्याला अजून बाहेरच्या कुठल्या संघाने बोलावलं नाही."

"हे मात्र बरोबर," आर्खेलियो म्हणाला.

"आणि धरली असती तर?" फर्मीनकाका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी याच झाडाखाली तूच म्हणाला असतास, तामायोला मास्तरांची खुर्ची हवीय, सगळ्यांसमोर अपमान केला."

हे खरं होतं आणि ते निवाल्दोलाही माहीत होतं. मग तो सोराइदाकडे वळला.

"तू सांग. तू त्यांची मुलगी. तू धरली असतीस का?"

तिला वाटलं होतं की सांगायचं ते सांगून संपलं. तिघेही तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात न्यायनिवाडा नव्हता, नुसती अडचण होती.

"ख्रिसमसच्या जरा आधी," ती म्हणाली, "बाबा काळे घेवडे शिजवत होते. रविवारी स्वयंपाक त्यांचाच असायचा. त्यांनी मीठ घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं, तेवढंच. मी दारात उभी होते. बघत होते."

"आणि?"

"काही बोलले नाही. जेवायला बसलो. कसे झालेत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छान झालेत. दोनदा वाढून घेतले."

निवाल्दो तिच्याकडे बघत राहिला. "ख्रिसमसच्या आधी," तो म्हणाला.

"हो. मार्चच्या तीन महिने आधी. तेव्हा बोलले असते तर कदाचित डॉक्टरकडे लवकर गेलो असतो. डॉक्टर म्हणाले, फरक पडला नसता. ते तसंच म्हणतात."

फर्मीनकाकांनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"पत्राचं काय करायचं?" आर्खेलियोने थोड्या वेळाने विचारलं. "अकरा जिंकले, चोवीस हरले. ते काही गाठीमुळे नाहीत."

"अकरा-चोवीसबद्दल लिहा," सोराइदा म्हणाली. "ते खरं आहे. पण मी सही करणार नाही. आणि कुणी बोटं मोजून दाखवायला लागला, तर त्याला हे सांगा. तेवढं करा."

"सांगतो," निवाल्दो म्हणाला. "माझं तोंड बंद राहत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळपर्यंत गोदीपर्यंत पोचेल."

"पोचू दे."

त्याने कोरा कागद गुडघ्यावर ठेवून तळव्याने सपाट केला, आर्खेलियोकडून पेन घेतलं आणि मजकुराऐवजी नऊ खेळाडूंची नावं लिहायला सुरुवात केली. दुसऱ्या बेसपाशी येऊन अडला.

"मंगळवारी तामायोने इथे कोणाला खेळवायचं ते आपणच देऊ लिहून," तो म्हणाला. "कुणाला लिहू?"

"तो पोटवालाच लिही," फर्मीनकाका म्हणाले. "दुसरं आहे कोण?"

सोराइदाने पिशवी खांद्याला लावली, आणि मग उठलीच नाही. आर्खेलियोने तिला विचारलं, मास्तर त्या पोटवाल्याबद्दल काय म्हणायचे. ती आठवायला लागली.