सोडलेलं पान

चौतीस वर्षं घाटंजीच्या शाळेत मराठी शिकवल्यावर वाचावं कसं हे मला कोणी सांगावं, हे माझ्या स्वभावात बसत नव्हतं. निवृत्तीनंतर एका संस्थेत अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करू लागले. संस्थेचा नियम एकच: छापलंय ते सगळं वाचायचं, गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. तो मी माझ्या सोयीनं पाळला.

वर्षा आडे फुलसावंगीकडच्या तांड्यावरची. तिला जन्मापासून दिसत नाही. बी.ए.ची तिची सगळी पुस्तकं माझ्या आवाजात होती. इतिहासात एक पान आलं. इंग्रजांनी काही भागांत तिच्या समाजाला जन्मजात गुन्हेगार ठरवलं, रोज हजेरी द्यायला लावली, असं त्यात होतं. पोरीला कशाला ऐकवायचं, म्हणून मी सरळ पुढचा धडा घेतला.

परीक्षेत नेमका त्यावरच प्रश्न आला. निकालानंतर वर्षा दोन बस बदलून माझ्या घरी आली. सोबत तिचे वडील खेमसिंग होते.

"चार मार्कानं गेली मी, मॅडम. मैत्रिणीनं ते पान वाचून दाखवलं तवा समजलं."

"तुला वाईट वाटेल म्हणून गं..."

"वाटलंच असतं. आमचंच हाय ते, मले रडू द्याचं होतं. साऱ्या वर्गाले माहीत अन् मलेच नाही. तुमी काहून ठरवलं?"

मला माझी लाज वाटली.

"आत्ता वाचून दाखवते," मी म्हणाले.

"ते झालं ऐकून. दुसरं इचाराले आली मी. सोळा पुस्तकं वाचली तुमी मायासाठी. अजून कुठं काय सोडलं?"

खेमसिंग माझ्याकडे बघू लागले. काहीच नाही, असं म्हणता आलं असतं. तिनं विश्वासही ठेवला असता. पण मला गेल्या वर्षीची कादंबरी आठवली. त्यातली आंधळी मुलगी शेवटी विहिरीत उडी घेते. मी तिला माझ्या पदरच्या चार वाक्यांनी सुखरूप घरी आणलं होतं. तो शेवट वर्षाला फार आवडला होता. तांड्यावरच्या बायांना तिनं तो कितीदा तरी सांगितला होता.

"बस," मी म्हणाले, "सगळं सांगते."