काटवणातला निळा मणी

रविवारचं लिवतोय. दोन-तीनदा लिवून पुसलं.

आमचा गेम शाहूपुरीत चालतोय, भैरवीच्या बाबांच्या पंपांच्या दुकानावर, माळ्यावर. नकाशाला एक जुना फ्लेक्स हाय. पुढच्या अंगाला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, गॉगल लावलेली माणसं. मागच्या अंगाला आमी मार्करनं चौकोनी घरं आखल्यात, बुद्धिबळासारखी.

गेम म्हंजे असा की भैरवी गोष्ट सांगती आणि आमी तिघं त्यातली एकेक माणसं. काय करायचं ते तोंडानं सांगायचं, जमलं का न्हाय ते फासा ठरवतो. ऋतुराज चोर. कृष्णात ढालवाला भिवा. मी रानातला मांत्रिक. शत्रू म्हंजे फुटाणे. ज्यानं मारला त्यानं खायचा. आणि एक रिवाज हाय, ज्याची पाळी त्याचंच तोंड. मधी कुणी बोलायचं न्हाय.

नियम मला पाठ. कुणी शिकवलं न्हाय. मोबाईलवर इंग्लिश वाचलं, अडंल तिथं अर्थ काढला. त्यामुळं काय अडलं की सगळी माझ्याकडं बघत्यात, भैरवीबी. लई बरं वाटायचं मला. खोटं कशाला बोलू.

माझा हुकमी मंतर काटवण. भैरवीच्या आईची स्टीलची ताटली फ्लेक्सवर पालथी घालायची, तिच्याखाली जेवढी घरं येतील तिथं काटे उगवले. पण गंमत अशी की उभ्या माणसाला ते काय करत न्हाईत. हालला की टोचत्यात, दर घराला. म्हणून नुसतं टाकून उपेग न्हाय. जागा बघायची. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी, वळसा घालायला वावच नको. आणि मग शत्रूला त्यातनं ओढायचा. जितकी घरं ओढशील तितक्यांदा फासे, आकडा पडंल तेवढा त्याचा जीव कमी.

आणि रविवारी भैरवीनं नेमका घाट काढलेला. गगनबावड्याच्या खाली उतरतो तसला. मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं. हीच ती जागा.

पण तो दिवस कृष्णातचा हुता. हे मला म्हाईत हुतं.

कृष्णात मलकापूरहून यष्टीनं येतो, म्हशींच्या धारा काढून. लाजरा. दोन वर्षं भिवा 'मी ढाल लावतो' एवढंच बोलत आला, आणि तेबी माझ्याकडं बघून. पण भिवाचा भाऊ राणोजी दरोडेखोरांत गेलेला, तोच या घाटातला म्होरक्या. त्याला बोलून घरी आणायचा, हे कृष्णातनं स्वतःचं स्वतः ठरवलं. राणोजीसाठी त्यानं घरनं निळा मणी आणलता, म्हशीच्या गळ्यातला. "फुटाणा नको त्याला," म्हणाला. "काय बोलायचं ते गाडीत पाठ केलंय."

भैरवीनं मणी घाटाच्या मधी ठेवला, आजूबाजूला फुटाणे. "राणोजी खाली बघतोय. हात तलवारीवर हाय, पण तलवार काढली न्हाय. भिवा, काय म्हणतोस?"

कृष्णात सावरून बसला. पाणी प्याला. घसा खाकरला.

ऋतुराज म्हणाला, "लेका, भाषण हाय का लग्नातला उखाणा?"

"थांब की रं." कृष्णात हसला. "दादा…"

"काटवण," मी म्हणालो.

"उन्म्या, तो बोलायलाय," भैरवी म्हणाली.

"तो बोलंस्तवर ती पसरतील. आत्ता सगळी एका गोलात हायत." मी ताटली घातली, कडंनं खुणा केल्या आणि ताटली उचलून मांडीवर घेतली. एकबी फुटाणा भाईर न्हाय. "बघ की, नाद खुळा!"

भैरवीनं कृष्णातकडं बघितलं. त्यानं मान हलवली. "चालतंय. त्याला कळतंय त्यातलं."

मग लढाई. फुटाणे अंगावर आले, काट्यात पडत गेले. राणोजी मातूर हालंना. उभ्या माणसाला काटे काय करत न्हाईत. म्हणून मी वेल टाकून ओढला त्याला. चार घरं. फाश्यांची बेरीज मोठ्यानं म्हणून दाखवली. मणी आडवा झाला.

"मरायला टेकलाय," भैरवी म्हणाली. "लगेच कोण पोचलं तर वाचंल."

मधी सगळं काटवण. पलीकडं दोनच फुटाणे उरलेले, तिरंदाज, काट्यात अडकलेले.

"मी जातो," कृष्णात म्हणाला.

"नको," मी म्हणालो. परत त्याच्या पाळीत तोंड घातलं. "आधी तिरंदाज मरू देत."

"न्हाय. जातो."

त्यानं भिवा एक घर सरकवला, फासे टाकले. आणखी एक घर. फासे. प्रत्येक वेळी आकडा स्वतः मोठ्यानं सांगायचा, कागदावरचा भिवाचा जीव तेवढा स्वतः खोडायचा.

आता खरं ते. हा मंतर मला धरून ठेवायला लागतोय. सोडला की काटे गेले. कधीबी सोडता येतो, पाळी लागत न्हाय. 'सोडला' म्हणायचं, बास. ह्या तिघांना ते म्हाईत न्हवतं. मला हुतं. पयल्या घरापासनं हुतं.

पण सोडला असता तर दोन तिरंदाज सुटले असते. एवढा चांगला पडलेला गोल. मी गप बसलो.

मण्याच्या अलीकडल्या घरात भिवाचा जीव संपला.

तवा मी "सोडला" म्हणालो आणि काट्यांच्या खुणा पुसल्या.

"हे काय?" भैरवी म्हणाली. "तुझी पाळी कुठाय?"

"पाळी लागत न्हाय. कधीबी सोडता येतंय."

ऋतुराजचं चावणं थांबलं.

"म्हंजे मी चालत हुतो तवाबी?" कृष्णातनं विचारलं.

"व्हय."

त्यानं नकाशाकडं बघितलं. "मला वाटलं मीच कुठंतरी चुकीचा उभारलोय."

चिडला असता तर बरं झालं असतं. आयमायवरनं शिव्या खाल्ल्या असत्या मी. तो चप्पल शोधायला लागला.

"काय बोलणार हुतास रं राणोजीला?" मी विचारलं. कशाला विचारलं काय म्हाईत.

"ऱ्हाऊ दे. गाडीत चांगलं वाटत हुतं." मणी पुसून खिशात घातला. "जातो. धारंची वेळ झाली."

जिना उतरल्याचा आवाज आला. खाली भैरवीच्या बाबांनी त्याला 'च्या घेऊन जा की पावणं' म्हटलेलं ऐकू आलं. थांबला न्हाय.

ऋतुराज माझ्याकडं बघंना. मी ताटली पुसत बसलो. स्वच्छच हुती.

भैरवीनं पडलेले फुटाणे एका हातानं गोळा केले. मग राहिलेले दोन तिरंदाजबी उचलून त्यातच टाकले, आणि सगळे माझ्याम्होरं सरकवले.

"खा," म्हणाली.

"नको गं."

"रिवाज हाय. तूच मारलीस सगळी."

ती दोघं बघत बसली. मी एकेक उचलून खाल्ला. तोंड सुकलेलं, पीठ नुसतं टाळूला चिकटत हुतं. पाण्याचा तांब्या कृष्णात बसलेला तिथं हुता. मागायचं धाडस झालं न्हाय.