डबीत गेलेलं भाषण

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी धाकट्या भावाने जहाजावरून बोलायला सुरुवात केली, आणि सभागृहात काहीही ऐकू आलं नाही.

वडिलांना जाऊन आठवडा झाला होता. त्यांच्या आठवणीसाठी जमलेली साठेक माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चुळबुळत बसली होती. टेबलावर फोटो, दोन्ही बाजूंना उंच स्पीकर. वायरी जिथे एकत्र येत होत्या तिथे, मिक्सरच्या मागे, ताई बसली होती. तिच्या कोपराशी तळहाताएवढी काळी डबी होती. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे धाकट्याचा आवाज समुद्र ओलांडून तिथवर पोचत होता. तिथून पुढे तो जाणार नव्हता. तशी व्यवस्था ताईनं आदल्या दिवशीच केली होती.

सुरुवात करण्याआधी त्याने मेसेज टाकला होता. "ताई, चाचणी म्हणून एक-दोन-तीन म्हणालो. आलं का?"

"स्वच्छ आलं. कर सुरू."

पहिल्या रांगेतून आत्या मागे वळली. "काय गं, आमचा दर्यावर्दी बोलणार होता ना?"

"लाइन लागत नाहीये, आत्या. भर समुद्रात आहे तो."

"बाप अंथरुणाला खिळला तेव्हाही नव्हतीच लागत," आत्या म्हणाली आणि बशीतलं दुसरं बिस्किट उचललं. शेजारच्या दोघी तोंड दाबून हसल्या. ताईला बरं वाटलं.

ती साउंड सिस्टिमच्या दुकानात कामाला होती. दवाखाने, दुकानं, शाळा, जिथे जिथे एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत न्यायचा असे तिथे तिला पाठवत. डबी तिनंच चार वर्षांपूर्वी वडिलांच्या खोलीसाठी बनवली होती. वडिलांची नजर गेली होती आणि धाकटा नुकताच जहाजावर इंजिनिअर म्हणून लागला होता. "ताई, मी तिथून रोज बाबांना गाणी लावत जाईन, थोडं बोलतही जाईन," असं म्हणून त्याने तिच्याकडून ती करून घेतली.

डबीत एकच प्रोग्राम होता. वीज आली की आपोआप सुरू व्हायचा, पडद्याआड बसून वाट बघायचा, आवाज आला की वाजवायचा. वडिलांना एक बटणही दाबावं लागू नये म्हणून तिनं ते तसं केलं होतं. सगळी मांडणी एका छोट्या फाइलमध्ये होती: आवाज कोणाचा घ्यायचा, तर फक्त धाकट्याच्या लॅपटॉपचा. किती वेळ धरून ठेवायचा, तर दोन सेकंद, म्हणजे मधे नेटवर्क अडखळलं तरी शब्द तुटत नाहीत. आणि शेवटी, कुठून बाहेर काढायचा, तर स्पीकरमधून.

पहिला महिना रोज गाणी आली. नंतर आठवड्यातून एकदा. नंतर फक्त सणासुदीला. ताई वडिलांचं अंग पुसायची, चादरी बदलायची, भात कालवून भरवायची, आणि वडील तोंड डबीकडे करून पडलेले असायचे. एकदा तिनं धूळ पुसताना प्लग काढला, तर ओरडले, "चालू राहू दे गं! तो लावेल आता." ताईचा स्वतःचा आवाज दिवसभर त्या खोलीत होता. तो त्यांनी कधी कान देऊन ऐकला नाही.

त्यामुळे "मला सगळ्यांसमोर बोलायचंय, मनातलं सगळं बोलायचंय," असा धाकट्याचा मेसेज आला तेव्हा तिचं डोकं भणाणलं. चार वर्षं राबायचं तिनं, आणि शेवटी गळा काढून भाव खाऊन जायचं त्यानं. जहाजावर इंटरनेट तोकडं, व्हिडिओ चालत नाही, आवाजही एकाच दिशेने जेमतेम जातो. त्याला सभागृह दिसणार नाही की ऐकू येणार नाही. त्याच्या जहाजाचा संपर्क तिच्याशिवाय कुणाकडे नव्हता. शनिवारी तिनं फाइल उघडली आणि शेवटची ओळ बदलली. स्पीकरच्या जागी जे लिहिलं त्याचा अर्थ एवढाच: आवाज नीट घे, आणि कुठेच काढू नकोस. पाठवणाऱ्याला मात्र सगळं सुरळीत दिसतं.

मधेच त्याचा मेसेज आला. "थांबलोय जरा. रडू आवरत नाही. लोक कंटाळले नाहीत ना?"

"मुळीच नाही. चिडीचूप आहेत सगळे."

"आत्या?"

"रुमाल डोळ्यांना लावून बसलीये." आत्या रुमालाने बोटांवरचा बिस्किटाचा चुरा पुसत होती.

एकोणीस मिनिटांनी हिरवा दिवा विझला. ताईनं मिक्सर बंद केला, खुर्च्या मोजून परत दिल्या, फोटो काखेत मारला आणि घरी आली. त्या रात्री ती चार वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपली.

सोमवारी दुपारी ती दुकानात असताना मेसेज आला. "ताई, खूप हलकं वाटतंय. माझ्या शेजारी आमचा आचारी उभा होता, त्याला आपली भाषा कळते. तो म्हणाला, चारचौघांत असं कबूल करायला छाती लागते."

ताईनं तो दोनदा वाचला. मग लिहिलं, "छान बोललास."

"मग तुझं काय? हो की नाही?"

गिऱ्हाईक समोर उभं होतं, माइक दाखवा म्हणत होतं. तिनं त्याच्या हातात चुकून हेडफोन दिला.

संध्याकाळी तिनं सावधपणे खडा टाकून पाहिला. "नेमकं कशाबद्दल विचारतोयस?"

उत्तर लगेच आलं. "असं नको ना करूस. बाबांच्या फोटोसमोर, सगळ्यांदेखत विचारलं तुला. पुन्हा विचारायची हिंमत नाही माझ्यात. तुझा राग समजतो मी. पण एका शब्दात सांग."

काय कबूल केलं? काय विचारलं? घर विकूया का, की घर तुझंच, घेशील का? माफ करशील का? की वडिलांनी त्याच्या कानात काही सांगून ठेवलं होतं, जे तिला कधीच सांगितलं नाही? "हो" म्हणावं तर डोक्यावरचं छप्पर जाईल, "नाही" म्हणावं तर हातात आलेलं जाईल. आचाऱ्याला ठाऊक होतं. साठ माणसांत एकालाही ठाऊक नव्हतं.

तिनं डबी उघडून बसायचा वेडेपणाही केला. कामाची जाण असलेल्या बाईला तो शोभत नव्हता. प्रोग्रामने एकोणीस मिनिटं इमानदारीत घेतली होती. दोन-दोन सेकंद धरून ठेवली आणि सोडून दिली. मागे काही राहणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मंगळवारी आत्याचा फोन आला. "अगं, तो सुट्टीवर येतोय म्हणे? कंपनीच्या ऑफिसात चौकशी केली आमच्या जावयाने. येऊ दे, चांगली हजामत करते त्याची. बापाच्या सभेला दोन शब्द नाहीत बोलला मेला!"

"आत्या, तू काही बोलू नकोस त्याला."

"का? तुला का पुळका आलाय त्याचा?"

ताईनं फोन ठेवला.

बुधवारी तिनं फाइलची शेवटची ओळ पुन्हा पूर्वीसारखी केली, आवाज पूर्ण वाढवला आणि डबी वडिलांच्या रिकाम्या पलंगाशी, पूर्वी असायची तिथे, ठेवली. त्याला लिहिलं, "सभेतलं सगळं नीट आठवत नाही, रडत होते. जमलं तर तेवढं पुन्हा बोलून पाठव. मी एकटी ऐकेन." मेसेज पोचला. त्याने वाचला.

शुक्रवारी सकाळी जहाज बंदराला लागलं, असं आत्याच्या जावयाने कळवलं आहे. धाकट्याचं उत्तर अजून आलेलं नाही. ताईनं दुकानात रजा टाकली आहे. पलंगाशी डबी चालू आहे.